गळ्यातलं

सत्त्याण्णव साली नाशिक रोडच्या आमच्या एक्स-रे सेंटरवर निफाडच्या रंगूबाई एकट्याच आल्या. हृदय वाढलंय का, ते डॉक्टरांना बघायचं होतं.

सवयीनं मी म्हटलं, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा."

"काय काढू, ताई? मालक जाऊन लय वर्सं झाली. घरात एकलीच हाय मी."

फिल्म धुतली, तर नेमक्या हृदयावर मंगळसूत्राच्या दोन वाट्या. पोत मानेमागं सुटलेली, टोकं खांद्यांवर.

मी जाऊन पाहिलं. गळा मोकळाच होता. दुसरा फोटो घेतला.

"ताई, तुमचे हात लय गार हायेत," त्या म्हणाल्या.

मी शिशाच्या पडद्याआड होते.

दुसऱ्या फिल्मवर पोत मानेमागं बांधलेली होती.

मी काही बोलायच्या आत रंगूबाईंनी मोकळा गळा तळहातानं झाकला.

"आता काढायला नका लावू, ताई."