हिरव्या दिव्याआधी
"वहिनी, गाडी राहू दे, मी सोडते," पार्टीतून निघताना नणंद म्हणाली होती. "दोन घोटांनी काय होतंय," म्हणत मी लेकीला मागे बसवून निघाले. पुढच्याच चौकात पोलिसांनी अडवलं. कोर्टाने वर्षभरासाठी लायसन्स काढून घेतलं. आज ते परत मिळालं, एका अटीवर: गाडीतल्या यंत्रात फुंकायचं, दारूचा वास नसेल तरच इंजिन सुरू होणार. "ताई, खोकल्याचं औषधसुद्धा पकडतं हे," मेकॅनिक म्हणाला. "फुगा समजून फुंक गं," शेजारून नणंद म्हणाली. फुंकलं. हिरवा दिवा लागला. मागे पाहिलं तर लेक दोन्ही हातांनी नाकतोंड दाबून लालबुंद झालेली. "मी औषध प्यायलेय ना," ती धापा टाकत म्हणाली, "माझा वास त्यात गेला असता तर?" पार्टीला गेलेल्या तुमच्या माणसाला आत्ता विचारा, घरी कसं येणार?