उशीतली सरकी

डावा स्तन काढल्यावर कोकिळाने ब्लाउजमध्ये घालायला सिलिकॉनची उशी विकत आणली नाही. सासूबाईंनी, म्हणजे भिकुबाईंनी, दोंडाईच्याच्या शेतातला कापूस निवडून मलमलीत शिवून दिला. घरचा कापूस असताना बाजारातलं रबर कशाला?

आजार परतण्याची शक्यता कमी आहे, असं जळगावच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरला विचारून सांगितलं होतं. पावसाचा अंदाज सांगतात तितक्याच खात्रीने.

दिवाळीनंतर एका सकाळी उशीत बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं.

"सरकी ऱ्हायनी व्हई कापूसमा," म्हणत भिकुबाई टाके उसवायला बसल्या. सरकी निघाली नाही. उशी पुन्हा शिवली, तर गाठ त्याच जागी. कापूस बदलला, मलमल बदलली. गाठ आपली तिथेच, जुन्या भाडेकरूसारखी.

कोकिळाने हे डॉक्टरांना सांगितलं नाही. उशीची सोनोग्राफी करा, असं म्हणायचं तरी कसं? तपासण्यांनी ती आधीच शिणली होती. शिवाय गाठ उशीत होती तोवर तिच्या अंगात नव्हती, आणि एवढ्यावर तिला झोप लागत होती.

आज सकाळी भिकुबाईंनी उशी चाचपली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"दख माय, गयी ना पीडा! लोणीनामायक मऊ शे."

कोकिळाने उशी हातात घेऊन दाबली. खरंच मऊ होती, सगळीकडून.

तिचा दुसरा हात आपोआप डाव्या काखेकडे निघाला, आणि वाटेतच थांबला.