त्रेसष्ट घरांचा नकाशा

फलकावर प्रतिक्षाचं नाव सगळ्यात वर होतं.

पवनीच्या कॉलेजात इतिहास विभागाच्या दारापाशी तो सकाळीच लागला होता. यंदा विभागातले दोघे सेट परीक्षा पास झाले होते. विभागप्रमुख धनंजय सरांचं जुन्या विटांवरचं पुस्तक आलं होतं. आणि एम.ए.च्या प्रतिक्षाला विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आंबेटोल्याचा नकाशा तिने लोकांच्या आठवणींवरून काढला होता.

"सर, सत्कार आधी शकुनबाईंचा व्हायला पाहिजे," ती म्हणाली. "नकाशा त्यांचा आहे. मी फक्त रेघा मारल्या."

ते खरंच होतं. वर्षभरापूर्वी ती आपल्या गावाहून, कोंढ्याहून, स्कूटीवर आंबेटोल्याच्या नव्या गावात पहिल्यांदा गेली, तेव्हा कोणी धड बोलेना. भागीरथाबाईने सुरुवात केली, "आमच्या आंगणात एक बोर होती..." आणि पदर डोळ्याला लावला. तुलाराम ढीवर जाळं विणत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "शकुनबाईले विचार. तिच्याएवढं कोणाले सांगता येत नाही."

शकुनबाईच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, दुपारी चार-सहा बाया विड्या वळत बसायच्या. प्रतिक्षाही तिथेच चटईवर वही घेऊन बसू लागली. शकुनबाई अडखळत नसे. मारुतीपासून सुरू करायची, मग डावीकडे भागीरथाचं घर, दारात बोर, मग तुलारामचा गोठा, मग विहीर, तिचा एक दगड निखळलेला. कोण कोणाशी भांडलं आणि कुंपण कुठे सरकलं, तेही सांगायची. डोळ्यात टिपूस नाही. म्हातारी मनाची घट्ट आहे, असं प्रतिक्षाने वहीत लिहून ठेवलं होतं.

पहिल्या फेरीत परीक्षकांनी शंका काढली होती. एका बाईच्या आठवणीवर किती विसंबायचं? प्रतिक्षा रडवेली होऊन परतली. धनंजय सरांनी मग भूमापनाचा जुना नकाशा मिळवला. मे महिन्यात पाणी उतरलं, तेव्हा तुलारामने दोघांना आपल्या डोंग्यातून, लाकडी होडीतून, नेलं. मारुतीचा ओटा गाळातून वर आला होता. तिथून शकुनबाईने सांगितली तेवढी पावलं मोजली, तर विहीर सापडली. एक दगड निखळलेला होता. जुन्या नकाशाशी ताडून पाहिलं, तर त्रेसष्टपैकी एकसष्ट घरं बरोबर निघाली. सरांनी चिखलात उभं राहूनच प्रतिक्षाशी हात मिळवला.

रविवारी नव्या गावाच्या समाजमंदिरात सगळे जमले. काचेत मढवलेला मोठा नकाशा भिंतीला टेकवला होता. लोक पुढे सरकून आपापल्या घरावर बोट ठेवत होते.

"हा माहा गोठा," तुलाराम म्हणाला. त्याने शेजारच्या पोरींना जागा करून दिली आणि पुन्हा स्वतःच पाहत राहिला.

भागीरथाबाई बोरीच्या खुणेवर हात ठेवून किती तरी वेळ उभी होती. या खेपेला ती रडली नाही. "पाह्य बाई, बोर बी काढली पोरीनं," ती शेजारणीला म्हणाली.

सरांनी शकुनबाईच्या खांद्यावर शाल ठेवली, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. शकुनबाईने प्रतिक्षाच्या गालावरून हात फिरवला.

"माहं कायचं कौतुक करून राहिले?" ती म्हणाली. "तूच उन्हातान्हाची आली."

"तुम्ही नसत्या त हे गाव राहिलंच नसतं, मावशी," प्रतिक्षा म्हणाली.

लोक चहाकडे वळले. नकाशापुढे जागा मोकळी झाली, तशी सरांनी शकुनबाईला हात धरून तिथे आणलं.

"सगळ्यांनी आपलं घर दाखवलं, मावशी. आता तुमचं दाखवा. फोटो काढतो."

प्रतिक्षाही पुढे झाली. मारुतीपासून तिने बोट फिरवलं, डावीकडून, उजवीकडून, पार नदीच्या काठापर्यंत. मग ते थांबलं. भागीरथाबाई चहाचा कप हातात धरून खाली पाहू लागली.

"माहं कुठून राहीन, बापू?" शकुनबाई सहज म्हणाली. "मी लेकीकडे राहाले आली, तवा गाव बुडून दोन वर्सं झाली होती. विड्या वळता वळता ह्या बायाईनं सांगतलं, तेच मी पोरीले सांगतलं."