मुळाकडचा दोरा

कोऱ्या नमुन्यात औषध निघालं.

संगणकाच्या पडद्यावर रेघ सपाट धावायला हवी होती. तिथे टेकाड उभं होतं. झोपेच्या गोळ्यांचं.

"मशीन रुसलंय," तात्या म्हणाले. प्रयोगशाळेतले ते सगळ्यात जुने सहायक. "कालच्या नमुन्यातलं काहीतरी आत चिकटून राहिलं असणार. धुऊन घेऊ का, बाई?"

"घ्या."

वजन करण्याआधी तराजूची रिकामी पारडी पाहतात ना, तसंच हे. संशयिताचे केस तपासण्याआधी, ज्याने असल्या औषधाला कधी हात लावलेला नाही अशा माणसाचे केस मशीनला द्यायचे. मशीन गप्प राहिलं, तरच पुढे त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा. इथे ते कोरे केस वर्षानुवर्षं एकाच डोक्यावरून येत होते, बाईंच्या लेकीच्या. शाळेत असताना ती मैत्रिणींत मिरवायची, "माझे केस बघितल्याशिवाय आमच्या आईला चोर सापडत नाही!"

केसांतून औषध शोधायची ही पद्धत बाईंनीच बसवली होती. उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली होती. कोर्टात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "माणसाला विचारत बसू नका. केसाला विचारा."

मशीन धुतलं. टेकाड हललं नाही.

"दुसऱ्या कोणाचे तरी केस लावून बघू," बाई म्हणाल्या.

"माझे घ्या म्हटलं असतं," तात्यांनी टकलावरून हात फिरवला, "पण इथलं पीक केव्हाच काढून झालंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कात्री घेतली आणि स्वतःचीच बट कापली. तिची रेघ सपाट गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मशीनचा काही दोष नव्हता.

तात्या आता पडद्याकडे बघेनात.

बाईंनी कपाटातून लेकीच्या केसांचं पाकीट काढलं. एरवी त्या स्वतः तिचे केस कापायच्या. या खेपेचं पाकीट मात्र लेकीनेच त्यांच्या पर्समध्ये ठेवलं होतं, न मागता. आज तात्यांनी त्यातले चार केस काढेपर्यंत ते कपाटात तसंच पडून होतं. आत नीट जुळवलेली बट होती आणि तिच्या एका टोकाला लाल दोरा. लहानपणी बाईंनीच तिला शिकवलं होतं. केस महिन्याला करंगळीच्या नखाएवढा वाढतो. मुळाकडे अलीकडचे दिवस, शेंड्याकडे जुने. दोरा मुळाकडे बांधायचा, म्हणजे वाचताना चूक होत नाही.

पण कोऱ्या नमुन्याला कोणी दोरा बांधत नाही. त्यात वाचायचं काही नसतंच.

बाईंनी बटेचे नखाएवढे तुकडे केले आणि एकेक मशीनला दिला. शेंड्याकडचे सगळे स्वच्छ निघाले. मग एक बारीकसा उंचवटा आला. त्याच्या पुढच्यात तो वाढला. दोऱ्याजवळच्या तुकड्यात रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

तात्यांनी घसा खाकरला. "कोरा नमुना बिघडला की टाकून द्यायचा, असा नियम आहे. टाकू?"

"नको," बाई म्हणाल्या. "हात लावू नका त्याला."

त्या घरी पोचल्या तेव्हा लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. अलीकडे ती बऱ्याचदा अशीच दिसे. अभ्यासाने दमली असेल, असं म्हणून बाई दार हळूच लोटून घेत. आज त्या आत गेल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"तपासलेस?" लेकीने मान न वळवता विचारलं.

"हो." बाई तिच्याजवळ सरकल्या. "अगं, मला सांगायचं नाहीस का?"

"तू कुठे विचारतेस, आई?" तिचा आवाज जड होता. "म्हणून केस दिले."

बाईंनी तिच्या मानेवरचे केस अलगद वर उचलले. कात्री लागलेली जागा त्यांना लगेच सापडली. तिथे नवे केस चांगले दोन बोटं वाढले होते, म्हणजे करंगळीची तीन नखं.