चि. प्रियदर्शनी विलीन झाली

प्रियदर्शनी वाईहून रिक्षाने आली आणि बॅग ओढत अंगणात शिरली, तेव्हा सोप्यात तिच्याच फोटोपुढे दिवा जळत होता. दिव्याची वात दक्षिणेकडे होती.

फोटो नोकरीच्या पहिल्या दिवशीचा होता. अंगात विमान कंपनीचा निळा गणवेश, खिशावर पितळेचे पाखरू. अकरा वर्षे वापरलेले ते पाखरू तिने गेल्याच आठवड्यात मुंबईच्या कार्यालयात सही करून परत केले होते. तिची कंपनी दुसऱ्या, मोठ्या कंपनीत गेली होती आणि त्या कंपनीची खूण वेगळी होती. ती खूण कोणाच्या खिशावर लागणार आणि कोणाच्या नाही, याचे पत्र आज फोनवर यायचे होते.

अंगणात पुरुष टोप्या मांडीवर घेऊन बसले होते. सोप्यात बायका होत्या. तिला पाहून कोणी उठले नाही. सर्वांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि मग, एकाच वेळी, तिच्या पायांकडे पाहिले.

"काकी, काय झालं? आईला काही झालं का?"

शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या तिच्या चुलत्याच्या विधवा. घराची किल्ली त्यांच्यापाशी असे आणि भावकीतल्या प्रत्येक मयताची रीतभात त्यांच्याच शब्दाने चाले. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तिचे मनगट धरले.

"गरम हाय," त्या मागे वळून म्हणाल्या.

पायरीवर बसलेल्या जोतीरामतात्यांनी आपला फोन तिच्यापुढे धरला. भावकीच्या ग्रुपवर तिच्या वडिलांचा कालचा निरोप होता. सुभेदार हंबीररावांनी सारी उमर पलटणीत घालवली होती. तारेच्या दिवसांतली शब्द वाचवण्याची शिस्त त्यांनी अजून मोडली नव्हती.

'चि. प्रियदर्शनी आज विलीन झाली. सर्वांनी प्रार्थना करावी.'

खाली एकोणचाळीस जणांनी हात जोडले होते.

"कंपनी, तात्या. कंपनी विलीन झाली. मी नव्हे."

"मग तसं लिवाय नगं व्हय तुझ्या बापानं? फोन लावावा तर बंद. आमी म्हटलं, त्यो तुझी माती आणाया गेला."

"आईच्या मोतीबिंदूसाठी सांगलीला गेलेत, मामाकडे. दवाखान्यात फोन बंद ठेवायला लावतात."

"घ्या!" तात्यांनी कपाळावर हात मारला. "आन आमी हितं इमान कुठं पडलं त्येबी ठरवून मोकळं!"

एक जण हसला. मग सगळेच हसले. पण फार वेळ नाही. पुरुषांनी टोप्या डोक्यावर चढवल्या. बायका उठल्या. प्रत्येकीच्या हाती फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेल्या.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "दुखवट्याचं अन्न माघारी न्हेत न्हाईत."

"आवं, पण दुखवटाच न्हाई तर?"

शालूबाई विचारात पडल्या. साठ वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता.

"ह्याला रीत न्हाई," त्या अखेर म्हणाल्या. "न्ह्या."

"आधी त्ये मोडा," तात्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवले.

कोपऱ्यात जमिनीवर पिठाचा थर पसरून त्यावर वेताची बुट्टी पालथी घातली होती. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण त्या पिठात उमटते. काल दिवेलागणीला शालूबाईंनी स्वतः पीठ चाळले होते, स्वतः पसरले होते आणि बुट्टीवर पाटा ठेवला होता. त्यांनी पाटा बाजूला केला. बुट्टी उचलली.

पीठ जसेच्या तसे होते. मधोमध एकच पाऊल उमटले होते. तीन बोटे पुढे, एक मागे.

"चिमणी शिरली आसंल," दारातून कोणी म्हणाले.

"पाट्याखाली?" शालूबाईंनी विचारले.

तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन वाजला. तिने वाचले. पुन्हा वाचले.

"काय गं? सुभेदार का?" तात्यांनी विचारले.

"नाही. पत्र आलंय. कंपनीचं."

"वाच की मग."

पत्र इंग्रजीत होते. तिने ते मराठीत सांगितले, विमान सुटण्याआधी प्रवाशांना सूचना सांगायची त्याच सुरात, पाठ ताठ ठेवून. "कालच्या तारखेपासून आपली सेवा समाप्त झाली आहे. आपल्या पुढील प्रवासासाठी शुभेच्छा."

"कालच्या?" शालूबाई म्हणाल्या.

"कालच्या."

शालूबाईंनी बुट्टी पुन्हा पिठावर पालथी घातली. तिच्यावर पाटा ठेवला. अंगणात तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली आणि त्यांचे पाहून बाकीच्यांनीही. उंबऱ्यापर्यंत गेलेल्या बायका एकेक करून माघारी वळल्या, आपापल्या जागी बसल्या. फडक्यांच्या गाठी सुटू लागल्या.

फोटोखालची जागा तेवढी मोकळी राहिली होती. प्रियदर्शनी तिथे बसली.

शालूबाईंनी पहिली भाकरी तिच्या हातावर ठेवली.

"खा. घरच्या माणसानं आधी खायाचं आसतं."