तिसरं दुखणं

"लघवीला जळजळतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मेनोने मांडीवरची गवती टोपी दोनदा फिरवली आणि खाली बघतच होकाराची मान हलवली. लोविना नवऱ्याकडे बघत राहिली. गुडघा सुजला तो घोड्याने लाथ मारली म्हणून, डोळे लाल झाले ते सुक्या गवताच्या धुळीने, असं वीज-मोटार न वापरणारे गावातले सगळे आमिश पंथीय धरून चालले होते. गेल्या रविवारी प्रार्थनेला त्याला गुडघे टेकता आले नाहीत, तेव्हा म्हातारेकोतारेही घोड्याला बोल लावून मोकळे झाले. हे तिसरं दुखणं मात्र त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"ही तिन्ही दुखणी एकाच घरची आहेत," बाई म्हणाल्या. "महिन्याभरात जुलाब झाले होते? तुम्हाला, घरात कुणाला?"

"नाही," मेनो म्हणाला.

झाले होते. अख्खं घर चार दिवस परसाकडे पळत होतं. पण जुलाब म्हटले की न तापवता प्यायलेलं कच्चं दूध आलं, आणि ते विकायला बंदी, म्हणजे सरकारी तपासनीस गोठ्यात आला. आणि फाटकावर विकल्या जाणाऱ्या दुधाच्या बरण्यांवरच तर आठ जणांचं घर चाललं होतं. लोविनाने तोंड उघडलं. मेनोने नुसतं तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं.

"मग दुसरं कारण उरतं," बाई अवघडून म्हणाल्या. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दुसरं कारण कोणतं, ते लोविनाला न सांगता कळलं. वीस वर्षांत परक्या बाईकडे मान वर करून न बघितलेला माणूस! दुधापायी तो हा डाग अंगावर घेणार होता. तिला रडूच आलं. थोड्या वेळाने नर्सने तिच्याही हातात लघवीच्या नमुन्यासाठी प्लास्टिकची एक छोटी डबी ठेवली. "तुमचीही तपासणी करावी लागेल."

बाहेरच्या बाकावर जोआन बसली होती, त्यांना आपल्या गाडीतून घेऊन आलेली शेजारीण. "घरी गेल्यावर माझ्या दोन बरण्या विसरू नकोस हं, बाई. नातू आलाय. तुमच्या दुधावर जीव टाकतो."

"आज दूध नाही," लोविना म्हणाली. "गाई आटल्या."

"काय सांगतेस! बाराच्या बारा?"

लोविनाला खोटं बोलायची सवय नव्हती. ती हातातल्या रिकाम्या डबीचं झाकण घट्ट, आणखी घट्ट आवळत राहिली.