मुठीतलं नाणं

कारंजाच्या हुकूमचंदांनी सल्लेखना, उपाशी राहून मरण पत्करायचं जैन व्रत, घेतली, तसं अन्न सुटलं, दुकान सुटलं, हौसेनं जमवलेली देशोदेशीची नाणीही त्यांनी वाटून टाकली. एक तेवढं मुठीत राहिलं. मधे चांदी, भोवती पितळेचं कडं आणि चांदीवर कोरलेला, चंद्रावर उभा असलेला माणूस.

“आता आपलं म्हणून काही ठेवायचं नाही, हुकूमचंद,” व्रत देणारे मुनिमहाराज म्हणाले. मूठ काही उघडेना.

उशाशी बसून बसून त्यांची बायको पानाबाई आंबून गेली होती. तिच्या लेखी चंद्र म्हणजे देवांचं विमान. त्यावर माणूस बूट घालून उतरला, ही थाप तिला कधीच पटली नाही. त्या नाण्यापायी तिनं नवऱ्याला पाच वर्षं टोचून खाल्लं होतं. आता तिनं त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला.

“त्यायचं काहीच राह्यलं नाही, महाराज. हे नाणं माह्यं हाय. म्याच त्यायले धराले देलं.”

“तुमचं? चंद्रावर कुणी गेलंच नाही, असं तुम्हीच सांगत होतात ना?”

“गेलं असन, महाराज,” पानाबाई म्हणाली. “जाणाऱ्याले कोन अडवते?”